'एकाचे दोन' लॅन स्प्लिटर: घेण्याआधी पिना मोजा

एका लॅन (इंटरनेटच्या) केबलवर दोन उपकरणं लावायला दीड-दोनशे रुपयांत मिळणारा हा लॅन स्प्लिटर स्विचचा, म्हणजे एका केबलचं नेट अनेक उपकरणांना वाटणाऱ्या विजेवरच्या डबीचा, धाकटा भाऊ वाटतो. नातं काहीच नाही. आत चिप नाही, वीज लागत नाही. एका प्लगमधून दोन सॉकेटांत नेलेल्या नुसत्या तारा.

त्या कशा नेल्यात, यावर सगळं अवलंबून. एकाच चेहऱ्याचे दोन प्रकार विकले जातात. पहिल्यात आठही पिना दोन्ही सॉकेटांना समांतर जोडलेल्या असतात. त्यावर एका वेळी एकच उपकरण चालतं. दुसरं सुरू केलं की सिग्नल एकमेकांवर आदळून लिंक तुटते. 'टीव्ही लावला की लॅपटॉपचं नेट जातं' ही तक्रार बहुधा याचीच. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असली की बीप वाजते, त्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही सॉकेटांच्या पिन १ ला टोकं लावा. बीप वाजला तर वस्तू परत करा.

दुसरा प्रकार खरा. १०० एमबीपीएस इथरनेटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात: पिना १-२ आणि ३-६. हा स्प्लिटर रिकाम्या ४-५ आणि ७-८ वरून दुसरी लाइन नेतो. त्यामुळे दोन नग लागतात, एक राउटरपाशी, एक खोलीत, आणि राउटरचे दोन लॅन पोर्ट अडतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या हव्यात, म्हणजे ३०० एमबीपीएसचा प्लॅन इथे १०० च्या आतच राहणार.

लिंकचा दिवा लागतो-विझतो? दोन्ही टोकं गिगाबिट ठरवतात आणि मग उरलेल्या जोड्या सापडत नाहीत. काही नेटवर्क कार्डं आपोआप १०० वर उतरतात, काही हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. संगणकावर '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' (दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा) सेट करा, असं सर्रास सांगतात. हा सल्ला अर्धाच आहे: राउटर ऑटोवर (वेग आपोआप ठरवण्यावर) असेल तर तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो, दिवा स्थिर दिसतो आणि डाउनलोड रडतखडत चालतं. त्यापेक्षा संगणक ऑटोवरच ठेवा आणि राउटर व स्प्लिटर यांच्यामध्ये जुना १०० एमबीपीएसचा स्विच टाका. राउटरचा एक पोर्टही वाचतो.

दुसरी लाइन मेलेलीच असेल तर भिंतीतल्या केबलचे प्लग बघा. प्लग क्रिम्प करणाऱ्याने (तारांवर दाबून बसवणाऱ्याने) चारच तारा घातल्या असतील, तर निळी आणि तपकिरी जोडी जागेवर नसते. पीओई कॅमेरा (लॅन केबलमधूनच वीज घेणारा) या वाटेवर लावूच नका. केबलमध्ये ही वीज सोडणारे अनेक इंजेक्टर ४-५, ७-८ वरूनच ती सोडतात. ('पीओई स्प्लिटर' ही वेगळीच वस्तू. ती वीज आणि डेटा वेगळे करते.)

यूएसबीची शेपटी असलेला 'स्प्लिटर' खरं तर छोटा स्विच. तो एकटाच पुरतो. पण त्याला टीव्हीच्या यूएसबीतून वीज देऊ नका: टीव्ही झोपला की दुसऱ्या उपकरणाचंही नेट झोपतं. ५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावा, आणि वेग १०० की १००० ते खोक्यावर वाचून घ्या.

खोलीत प्लग पॉइंट असेल तर साधारण हजार रुपयांचा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विचच घ्यावा. विजेविना चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या स्प्लिटरची जोडी फक्त तिथे, जिथे भिंतीतून एकच केबल येते, स्विचला वीज नाही आणि दोन्ही उपकरणांना १०० पुरतात. अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट मुळातच १०० चा असतो. त्यांचं यात काही बिघडत नाही.