अ‍ॅमस्टरडॅमचं हॉटेल खरं, बुकिंग खरं, तरीही १ लाख २७ हजार गेले

१,२७,२५९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे "काकू, तुम्ही कुठल्या तरी भलत्याच साइटवर गेला असाल" असं म्हणायला कुणी येणार नाही. भलतीकडे कुठेही गेले नव्हते. फेसबुकवरचा स्वस्तातला फ्लॅट नाही, ओळखीच्या ओळखीतला एजंट नाही. सगळे वापरतात ती बुकिंग साइट, प्रिन्सेनग्राख्त कालव्याजवळचं चांगलं रिव्ह्यू असलेलं हॉटेल, तीन रात्री, कर धरून ६२१ युरो आणि पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहण्यावर १२.५ टक्के पर्यटक कर लागतो, तोसुद्धा मी आधीच विचारून घेतला होता. कालव्याकाठचं कुणाचं घर भाड्याने घ्यायचं तर मालकाकडे परवाना हवा, जाहिरातीत नोंदणी क्रमांक हवा, आणि तो नसलेल्या जाहिराती ढिगाने दिसतात. म्हणून तर हॉटेल घेतलं. सुरक्षित!

लेक जर्मनीत शिकते. तिच्याकडे जायचं, ट्युलिपच्या दिवसांत तिघांनी अ‍ॅमस्टरडॅम करून यायचं, एवढाच बेत. तिथली जुनी घरं अरुंद, जिने शिडीसारखे उभे. सामान वर चढवायला घरांच्या माथ्यावर आकडे लावलेले असतात, यावरून काय ते समजा. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून बुकिंग साइटच्या चॅटमध्ये हॉटेलला विचारलं, लिफ्ट आहे का? उत्तर आलं, आहे, पण लहान आहे, बॅगा वेगळ्या न्याव्या लागतील. अगदी नीट, सभ्य उत्तर.

चोरांचा मेसेज त्याच चॅटमध्ये आला. लिफ्टच्या उत्तराच्या बरोब्बर खाली. तेच हॉटेलचं नाव, तोच लोगो, माझं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक, सगळं बिनचूक. "आपलं कार्ड पडताळलं गेलेलं नाही. १२ तासांत पडताळणी न झाल्यास बुकिंग आपोआप रद्द होईल. रक्कम कापली जाणार नाही." खाली लिंक.

आता शहाणे म्हणतील, घाईचा मेसेज म्हणजे फ्रॉड, एवढं कळत नाही? कळतं हो. लॉटरी लागली, वीज कापणार, कुरिअरमध्ये ड्रग्ज सापडले, असले मेसेज मी रोज उडवते. पण आमचे पासपोर्ट तेव्हा वकिलातीत होते. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, फायलीत प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, आणि हेच बुकिंग जोडलेलं. माणशी ९० युरो फी भरलेली, विमानाची तिकिटं काढलेली. अशा वेळी मुक्कामच रद्द झाला तर? रात्री साडेदहाला दुसरं काही सुचेल का कुणाला?

लिंक उघडली तर पान हुबेहूब. फोनवर पत्त्याचा पुढचाच भाग दिसतो. साइटचं नाव दिसलं, त्यापुढे आडवी रेघ आणि भलतंच शेपूट होतं ते नंतर लेकीने लॅपटॉपवर उघडून दाखवलं. फोनवर लिंक आली की तिथल्या तिथे उघडू नका.

आणि आता तो ओटीपी. तो एसएमएस अजून ठेवलाय, रोज बघते आणि स्वतःचाच राग येतो. ६२१ युरो, बरोबर. पण पुढे दुकानाचं जे नाव होतं ते हॉटेलचं नव्हतं, बुकिंग साइटचंही नव्हतं. कुठलं तरी ऑनलाइन दुकान. शिवाय "रक्कम कापली जाणार नाही" म्हणाले होते, मग ओटीपी ६२१ चा कसा? तीन ओळींचा एसएमएस. पण ओटीपी आला की डोळे थेट सहा आकड्यांवरच जातात, सगळ्यांचेच जातात. तुमचेही. रक्कम जुळली म्हणून मी आकडे टाकले. पान म्हणालं, व्यवहार अयशस्वी, पुन्हा करा. पुन्हा टाकले. दोन वेळा ६२१, त्यावर परदेशी चलनातल्या खर्चासाठी बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी. चोरीवरही जीएसटी भरलाय मी.

बँकेला लगेच फोन केला. कार्ड बंद झालं, तक्रार क्रमांक मिळाला, आणि पुढे सगळा आनंद. "मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच केलाय." पैसे अजून "पेंडिंग" दिसत होते, तेवढ्यात थांबवा म्हटलं, तर म्हणे पेंडिंग व्यवहारावर डिस्प्यूट घेता येत नाही. मग पक्का झाल्यावर केला, तर म्हणे ओटीपीने झालेला आहे, चार्जबॅक, म्हणजे पैसे परत वळवणं, नामंजूर. म्हणजे आधीही नाही, नंतरही नाही! रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं काम बँकेवर टाकलंय, हे सांगितलं तर पलीकडून "लाइनवर राहा" आणि संगीत. तक्रार फोनवर ठेवू नका, ईमेल करा, तारीख-वेळेसकट.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लावला. तो लावाच, आणि लगेच लावा. पैसे इथल्या खात्यात गेले असतील तर गोठवता येतात. माझे परदेशी दुकानात गेलेले, त्यामुळे नोंद झाली, बाकी काही नाही. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "हॉटेल हॉलंडात, चोर कुठे माहीत नाही, आमच्या हद्दीत काय घडलंय?" माझा फोन, माझं कार्ड, माझं घर ठाणे शहरात, आणि हद्द नाही! नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. ते ऐकवल्यावर साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. लेकीने डच पोलिसांना विचारलं, तर ते म्हणाले आपल्या देशात तक्रार करा. बुकिंग साइट म्हणाली, व्यवहार आमच्या पानावर झालेला नाही. मेसेज तुमच्या चॅटमध्ये आला ना? त्यावर उत्तर नाही.

हॉटेलचा मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी आला, त्याच चॅटमध्ये, चोरांच्या खाली. "आमचं खातं हॅक झालं आहे, कुठल्याही लिंकवर कार्ड देऊ नका." धन्यवाद! कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मालवेअर पाठवून पासवर्ड चोरायचा आणि मग हॉटेलच्या नावाने सगळ्या पाहुण्यांना लिहायचं, अशी ही पद्धत. म्हणून चॅट खरा आहे यावर जाऊ नका. "पोचल्यावर पैसे" असं बुकिंगमध्ये असेल तर आधी एक युरोही नाही. शंका आली तर हॉटेलचा नंबर स्वतः शोधून फोन करा. कार्डाचा परदेशी वापर अ‍ॅपमधून बंद ठेवा, लागेल तेव्हाच चालू करा. माझा चालू होता, व्हिसाच्या विम्यासाठी केला होता.

जाताय तर आणखी एक. अ‍ॅन फ्रँक हाउसची तिकिटं फक्त त्यांच्याच साइटवर, दर मंगळवारी, पुढच्या सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची निघतात. तिथे संपली म्हणजे संपली. "आमच्याकडे शिल्लक आहेत" म्हणणाऱ्याला हात जोडा. स्खिपोल विमानतळावर आतच "टॅक्सी, टॅक्सी" करत येणाऱ्यांनाही. खाली स्टेशन आहे, ट्रेन शहरात पाव तासात सोडते.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेची तक्रार केली आहे. आणि गेल्या आठवड्यात फोन आला, "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ६२१ युरोचे दोन्ही व्यवहार रिकव्हर झालेत, ४,९९९ रुपये प्रोसेसिंग भरा." हाही चोरच, पण रक्कम त्याला अचूक माहीत होती. ही माहिती त्याच्याकडे कुठून गेली, हे बँकेला लेखी विचारलंय. उत्तर नाही.