इंग्रजीतील संयोगचिन्ह: ठेवावे की गाळावे?

इंग्रजीत अहवाल, प्रबंध किंवा भाषांतर लिहिताना जोडशब्द आला की तीन पर्याय समोर असतात: शब्द सुटे ठेवणे, मध्ये संयोगचिन्ह घालणे किंवा सलग लिहिणे. कोणता निवडावा, हे शब्द वाक्यात कोणते काम करतो यावर ठरते.

‘ट्वेंटी’, ‘फोर’, ‘आवर’ आणि ‘शिफ्ट्स’ हे चार शब्द घेऊ. पहिले तिन्ही शब्द संयोगचिन्हांनी जोडले, तर पाळी चोवीस तासांची होते. केवळ ‘फोर’ आणि ‘आवर’ जोडले, तर चार तासांच्या वीस पाळ्या होतात. आणि केवळ ‘ट्वेंटी’ व ‘फोर’ जोडले, तर तासाभराच्या चोवीस. चिन्हे गाळली, तर कामगाराने किती वेळ थांबायचे हेच कळत नाही. म्हणून नामापूर्वीच्या जोडविशेषणात चिन्ह ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. ‘वेल-नोन रायटर’मध्ये ते हवे; ‘द रायटर इज वेल नोन’ असे लिहिताना त्याची गरज उरत नाही. ‘हायली’सारख्या ‘एलवाय’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर मात्र ते घालूच नये, कारण त्याचा पुढच्या शब्दाशी असलेला संबंध रूपावरूनच स्पष्ट असतो.

नामांच्या बाबतीत काळाचा ओघ चिन्ह गाळण्याकडे आहे. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या २००७ मधील सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतील संयोगचिन्हे काढली. ‘आइस क्रीम’ सुटे झाले, ‘बम्बलबी’ सलग झाले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने २०११ मध्ये ‘ईमेल’मधील चिन्ह सोडले. येथे तर्क लढवण्यापेक्षा कोश उघडावा.

कोणता कोश? ‘नॉनप्रॉफिट’ आणि ‘प्रीएमिनंट’ हे शब्द अमेरिकन कोश मेरियम-वेबस्टर सलग देतो, ब्रिटिश कोश ऑक्सफर्ड ‘नॉन’ आणि ‘प्री’नंतर चिन्ह ठेवतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही हा भेद दिसतो: ‘नॉलेज’ हा शब्द ब्रिटिश परंपरा व्युत्पत्ती पाहून ‘डब्ल्यू’नंतर तोडते, अमेरिकन परंपरा उच्चार पाहून ‘एल’नंतर. आपण शाळेपासून ब्रिटिश वर्णलेखन शिकतो, त्यामुळे ऑक्सफर्ड सोयीचा. अमेरिकन नियतकालिकासाठी मेरियम-वेबस्टर घ्यावा. एकाच मजकुरात दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

‘री’ या उपसर्गापाशी विशेष जपावे, कोश कोणताही असो. खेळाडूने करारावर पुन्हा सही केली, हे सांगताना ‘री’ आणि ‘साइन’ यांच्यामधले चिन्ह राहून गेले, तर त्याने राजीनामा दिला असे छापले जाते.