बाथरूमची कडी आणि माझे १,२०० रुपये: महिला व्यसनमुक्ती केंद्रातले ४ महिने

परवा डिपॉझिटचे पैसे खात्यात आले. भरले होते २०,०००, आले १७,३४०. जूनमध्ये बाहेर पडले, पैसे मिळाले नोव्हेंबरात. कापलेल्या रकमेतले १,४६० ‘वैयक्तिक वस्तूं’चे आणि १,२०० ‘बाथरूमच्या दाराच्या नुकसानी’चे. गोव्यात डिचोलीला पतसंस्थेत मी १६ वर्षं कॅशवर बसते. कुणाचा रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि माझाही सोडत नाही. म्हणून लिहायला बसले. केंद्राचं नाव मात्र देणार नाही. आजही तिथे बायका राहतायत आणि त्यांनी तिथे राहायलाच हवं.

डिटॉक्स (म्हणजे सुरुवातीला अंगातली दारू उतरवणं), स्टेप्स, योग, फॅमिली मीटिंग हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल, ते परत लिहीत नाही. मी दारू सोडायला ११ फेब्रुवारीला दाखल झाले, ९ जूनला घरी आले. महिन्याला ३२,०००. जेवण चांगलं, गादी पातळ. विम्याचा काही उपयोग झाला नाही. बहुतेक पॉलिसींत व्यसनाचे उपचार वगळलेले असतात, तेव्हा दाखल होण्याआधी ते पान काढून वाचा. एवढा खर्च झेपणार नसेल तर बांबोळीचं आयपीएचबी हे मनोरुग्णालय सरकारी आहे, आधी तिथे विचारा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, माझ्या बहिणीने पहिला फोन तिथेच लावला होता.

आता कडीचं सांगते.

तिथल्या चारही बाथरूमना आतून कडी नाही. पहिल्या दिवशी दार ओढून घेतलं आणि हात सवयीने कडी शोधत वर गेला. बोटांना लागली ती स्क्रूची चार भोकं, वरून रंग मारलेली. एक हात दाराला टेकवून दुसऱ्या हाताने अंघोळ करायची. केस धुवायचे तर पाठ दाराला लावून उभं राहायचं. वॉर्डन बाहेर स्टूल टाकून बसलेली असायची, ‘बाय, हांव हांगाच आसां’, मी इथेच आहे, म्हणायची. ती धीर द्यायला म्हणत असे, मला मात्र त्याचाच राग यायचा. पाळीच्या दिवसांत तर मी आत उभी राहून नुसती रडले आहे. ४१ वर्षांच्या बाईला अंघोळीपुरतं तरी एकटं राहता येऊ नये?

मार्चमध्ये बहीण भेटायला आली तेव्हा तिच्याकडून म्हापशाहून ४५ रुपयांची छोटी कडी मागवली. चमच्याच्या दांड्याने त्याच जुन्या भोकांत बसवली. तीन दिवस टिकली. वॉर्डनने ती उपटून काढली, त्यात लाकडाचा टवका गेला. तेच हे १,२०० रुपये. टवका कुणाच्या हातून गेला हे मी लेखी विचारलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

कडीचा हा अनुभव मी एप्रिलमध्येच वहीत लिहून ठेवला होता आणि शेवटी लिहिलं होतं, ‘इथे कुणी येऊ नये’. ते वाक्य मी खोडलं. का, ते सांगते.

एप्रिलच्या मध्यावर एक नवीन मुलगी आली, असेल २६ वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती बाथरूममध्ये गेली आणि आत बादली आपटल्याचा आवाज झाला. वॉर्डनने दार ढकललं. मुलगी बादली आणि भिंतीच्या मध्ये पडलेली, अंगाला झटके, दात घट्ट मिटलेले, नळ चालू. वॉर्डनने तिला कुशीवर वळवलं, मी उशी आणली, कुणीतरी नळ बंद केला. डॉक्टर नंतर म्हणाले, रोज पिणाऱ्याची दारू एकदम सुटली की फिट येते ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच. माझी कडी त्या दिवशी दारावर असती तर आम्ही बाहेरून दार बडवत बसलो असतो. त्यानंतर आठवडाभर मी कडीचा विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात ग्रुपमध्ये मी पहिल्यांदा सांगितलं की घरी मी कुठे प्यायचे. बाथरूममध्ये. कडी लावायची, बादलीत नळ मोठा सोडायचा, कपड्यांच्या टोपलीच्या तळातून क्वार्टर काढायची. मुलगा बाहेरून हाक मारायचा, मी म्हणायचे, ‘आले रे राजा, केस धुतेय’. सहा वर्षं. नवऱ्यापेक्षा कमीच पिते, हे माझं ठरलेलं उत्तर असायचं. डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून समजावलं: बाईच्या शरीरात पाण्याचा अंश पुरुषापेक्षा कमी, म्हणून तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि नुकसानही लवकर करते.

हे मी पुरुषांसमोर बोलले नसते. आधी दोन वेळा मिश्र मीटिंगला गेले होते, दोन्ही वेळा ‘नवऱ्यासाठी आलेय’ असं सांगून मागे बसले. एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या. त्यामुळे केंद्रं पुरुषांच्या हिशेबाने उभी राहतात आणि बायकांसाठी कोपऱ्यातली एखादी खोली काढतात. फक्त बायकांचं केंद्र मिळालं हे माझं नशीब, आणि ३२,००० त्याचेच होते असं मी धरते.

एक सकाळ विसरणार नाही. मागच्या डोंगरावर काजूची भट्टी लागली होती. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे दिवस, वारा आमच्याकडे. वास आत आला तशा तिघी-चौघी न बोलता उठल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते, कारण आमच्या आजोबांची भट्टी होती. काउन्सेलरने त्या दिवसाचं लेक्चर बाजूला ठेवलं आणि दुपारपर्यंत आम्हाला एकेकीला त्या वासाबद्दल बोलू दिलं. वास गोव्यातच राहणार, मीही गोव्यातच राहणार, हे मला तिथे कळलं.

बाहेर आल्यावर दर गुरुवारी रात्री साडेआठला त्याच काउन्सेलरचा फोन येतो. एकदाही चुकलेला नाही आणि याचे पैसे घेत नाहीत. ऑगस्टमध्ये सासरच्या बारशाला ग्लास हातात आला होता. गुरुवारच होता, मी अंगणात जाऊन फोनची वाट पाहिली.

पण कडीचं माझं म्हणणं आजही कायम आहे, फक्त बदललंय. डिटॉक्सवाल्या बायकांसाठी एक बाथरूम बिनकडीचं ठेवा. बाकीच्या तिघांना बाहेरून नाणं घालून उघडता येईल असं लॉक बसवा, हॉस्पिटलांत असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचं व्यसनही येतं आणि त्यात रुग्णाचा खासगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पाळीत लागणाऱ्या वस्तू मिळण्याची सोय करायलाही तो कायदा सांगतो. त्या ‘वैयक्तिक वस्तूं’च्या १,४६० मध्ये पॅडच्या एकेका पाकिटाचे ९५ रुपये लावलेत, जे आमच्या नाक्यावर ४० ला मिळतं. दाखल होताना ‘फीमध्ये काय येतं, काय नाही’ हे कागदावर सही-शिक्क्यानिशी मागा. मी मागितलं नाही.

येत्या रविवारी फॉलो-अप मीटिंग आहे. लॉक लागतील तेव्हा लागतील, तोवर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून मी चार लाकडी पाट्या आणल्या. मुलाने एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा रंग दिलाय. आत बाई असली की लाल बाजू पुढे करायची, म्हणजे वॉर्डनशिवाय दुसरं कुणी दार ढकलणार नाही.