सात महिने यूएसबी मायक्रोस्कोप वापरून: येशूच्या काळातली नाणी ओळखताना

जेरुसलेमच्या यात्रेत परवाना असलेल्या दुकानातून, निर्यातीच्या कागदासह, ब्राँझची नऊ छोटी नाणी आणली. ती ओळखायला हा मायक्रोस्कोप आणि ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा घेतला.

पहिला महिना निराशेत गेला. मायक्रोस्कोपच्या टोकाला एलईडीचं कडं आहे. त्याचा उजेड वरून सरळ पडतो आणि झिजलेलं नाणं सपाट दिसतं. शेवटी ते दिवे बंद केले, मोबाइलचा टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने धरला आणि नाणं हळूहळू फिरवत गेलो. एका नाण्यावर आधी वाकडी काठी उमटली, रोमी शकुनवेत्त्याचा दंड. मागे पानांचं कडं आणि आत तीन खुणा. पहिली ‘एल’सारखी, म्हणजे ‘वर्ष’. मग आकड्यांसाठी वापरलेली ग्रीक अक्षरं: आयोटा १०, झीटा ७. रोमी सम्राट तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीचं १७ वं वर्ष, इ. स. ३०. येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराच्या, पंतय पिलाताच्या कारभारातलं नाणं माझ्या तळहातावर! त्या रात्री झोप लागली नाही.

बायबलमधल्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या ‘दोन टोल्या’, म्हणजे दोन अगदी हलकी नाणी, आपण लहानपणापासून ऐकतो. तशी म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणी अलेक्झांडर यन्नाय या यहूदी राजाची असतात, इ. स. पू. १०३ ते ७६ मधली. एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसरीकडे तारा. चकती छोटी आणि ठसा मोठा, त्यामुळे अर्धा नांगर बाहेरच राहतो. तो पूर्ण दिसेल ही अपेक्षाच ठेवू नका.

यातल्याच एका नाण्याचा हिरवा कळंक काढायला मी ते चिंचेच्या पाण्यात ठेवलं. ताऱ्याचे किरण गेले, ते परत येणार नाहीत. कोरड्या मऊ ब्रशपलीकडे जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

वजनकाट्याने मात्र पहिल्याच दिवशी पैसे वसूल केले. येशूला पकडून दिल्याबद्दल यहूदाला मिळालेली चांदीची नाणी सोर (टायर) शहराच्या टाकसाळीची असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं एक ‘शेकेल’ (तिथलं चांदीचं नाणं) नातेवाइकांनी भेट दिलं होतं. खरं साधारण १४ ग्रॅम भरतं, हे साडेनऊ भरलं. मायक्रोस्कोपखाली कडेने फिरणारी साच्याची सांध आणि बुडबुड्यांचे गोल खड्डे स्पष्ट दिसले. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तक्रार स्टँडची. तो डुगडुगतो, फोटो हलतो. आता मी तो लाकडी फळीवर स्क्रूने बसवलाय. पाचपैकी चार तारे. नऊपैकी सहा नाणी ओळखली, तीन बाकी आहेत.