महिला वकिलांसाठीचं करिअर कोचिंग: सहा महिने वापरून, नाशिकमधून

कोर्स सहा महिन्यांचा, हप्ता महिन्याला 5,500, एकूण 33,000. सहाही हप्ते मी वेळेवर भरले आणि तरी गेल्या महिन्यात सातवा हप्ता खात्यातून गेला. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो, तो आला होता, पण मी निफाड कोर्टात उलटतपासात होते, फोन बंद, घरी आल्यावर स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास, बघायचंच राहिलं. परत मिळवायला 19 दिवस आणि 11 मेल लागले. तेव्हाच ठरवलं की सगळं लिहायचं, कारण बार रूममधल्या तीन-चार जणी रोज विचारतायत, घेऊ का म्हणून.

माझी प्रॅक्टिस नऊ वर्षांची, नाशिक जिल्हा कोर्ट आणि निफाड. चेक बाउन्स, पोटगी, थोडं दिवाणी. ग्रुपमध्ये आम्ही नऊ जणी, त्यातल्या सात जणी कंपन्यांत किंवा मोठ्या फर्ममध्ये नोकरीला, कोर्टात उभ्या राहणाऱ्या फक्त दोघी, मी आणि सोलापूरची एक.

आता वेळेचं. झूम सेशन दर बुधवारी सकाळी 11 ला. महिला वकिलांसाठीचा कोर्स आणि वेळ 11 ची! 11 ला बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, सुरू होतो, पुकारा कधी होईल ते कोणाच्या हातात नसतं. चेक बाउन्समध्ये फिर्यादी पण नाही आणि वकील पण नाही असं झालं तर आरोपी निर्दोष सुटायची वेळ येते, एवढी ती गोष्ट गंभीर आहे. पहिले दोन महिने मी कोर्टाजवळच्या सीबीएस बसस्टँडपाशी गाडीत बसून कानात इअरफोन घालून सेशन ऐकलं, मध्येच पळत वर जायचं, हजेरी लावायची, परत यायचं. तक्रार केली तर उत्तर आलं की कॅलेंडरमध्ये तो तास राखून ठेवा. अहो कोर्टाचं कॅलेंडर आम्ही ठरवत नाही हो! हे ज्यांना सांगावं लागतं ते आम्हाला काय शिकवणार असंच वाटायला लागलं. तिसऱ्या महिन्यात सोलापूरच्या ताईंनी आणि मी मिळून धरून बसलो तेव्हा आमच्या दोघींसाठी रविवारी सकाळी साडेसातची वेळ मिळाली.

दुसरी चूक त्याहून मोठी. इन्स्टाग्रामवर जिंकलेल्या केस टाका, खाली संपर्कासाठी नंबर द्या, असं सांगितलं. बार कौन्सिलच्या नियम 36 प्रमाणे वकिलाला अशी जाहिरात करता येत नाही. 2008 पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, नोंदणी, शिक्षण, कुठल्या प्रकारचं काम करतो एवढं देता येतं, बस. मी सेशनमध्येच सांगितलं आणि कोचमॅडमनी पुढच्या वेळी ते मागे घेतलं, हे त्यांच्या बाजूने लिहिते. पण एखादी नवीन सनद घेतलेली मुलगी ते ऐकून पोस्ट टाकून बसली असती तर?

इथपर्यंत वाचून वाटेल की घेऊ नका असंच सांगणार. तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत तेच होतं. मग त्यांनी वही लिहायला लावली. चार आठवडे, कुठल्या कामाला किती वेळ गेला, त्याचे किती मिळाले, वाट बघण्यातला वेळ वेगळा लिहायचा. कोर्टातले 61 तास भरले, त्यातले 38 नुसते बसून. आणि लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याची केस मी 15,000 ला घेतली होती सगळं मिळून, तिच्या तोपर्यंत 27 तारखा झाल्या होत्या. म्हणजे तारखेला साडेपाचशे, त्यातून पेट्रोल, झेरॉक्स, टायपिंग. कायद्यात लिहिलंय चेकची केस सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करा, प्रत्यक्षात तीन वर्षं झाली. त्या रात्री मी जेवले नाही नीट. नऊ वर्षं मी हिशोबच केला नव्हता, आणि पुरुष सिनियर फी सांगतात तेव्हा पक्षकार मान डोलावतो, माझ्याशी घासाघीस करतो, आणि मी दर वेळी कमी करायचे, ते सगळं त्या वहीत समोर आलं.

आता फी टप्प्याने लिहून देते, नोटीस, दाखल करणं, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद. दोन पक्षकार सोडून गेले. बाकीचे राहिले.

पॉश समितीचं, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीचं कामही इथूनच मिळालं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती लागतेच आणि त्यात एक बाहेरचा सदस्य हवा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत अशा कंपन्या किती आहेत बघा, शिवाय डिसेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने जिल्हावार पाहणी करायला सांगितली. कोचमॅडमनी यात चांगलं उत्पन्न आहे एवढंच सांगितलं, नियमात बाहेरच्या सदस्याला दिवसाला 200 रुपये आणि प्रवासखर्च एवढंच आहे हे नाही सांगितलं. कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगची फी वेगळी ठरवा आणि लेखी घ्या. मला अंबडची एक आणि सातपूरची एक कंपनी मिळाली, दोन तासांच्या ट्रेनिंगचे 6,000.

आधी मला हे काम खरं वकिलीचं वाटायचं नाही, कोर्टात उभं राहणं म्हणजेच वकिली असं डोक्यात बसलेलं. भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी, आपल्या नाशिकमध्ये जन्मलेली, 1866 मध्ये. 1892 ला ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला 1923 ला. मधल्या काळात ती काय करत होती? 1904 पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारस आणि बायकांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या नोकरीत राहून पडद्यातल्या बायकांच्या इस्टेटीचे प्रश्न सोडवत होती. ग्रुपमध्ये सगळी उदाहरणं परदेशातली चालली होती म्हणून मी हे सांगितलं, कोणालाच माहीत नव्हतं. माझ्याच मनातला अडसर त्या दिवशी गेला.

33,000 जास्तच आहेत. वही आणि फीचे टप्पे एवढ्यासाठी मी 12,000 दिले असते. तरी कोर्टवाल्या असाल आणि फी सांगताना आवाज बारीक होत असेल तर घ्या, पण आधी सेशनची वेळ लेखी घ्या आणि बँकेच्या मॅन्डेटला (हप्ता आपोआप कापायच्या परवानगीला) शेवटची तारीख पहिल्याच दिवशी टाका, मी नव्हती टाकली.

सातव्या हप्त्याचे पैसे गुरुवारी परत जमा झाले. लासलगावच्या भाऊंनाही नवीन कागद दिला, उलटतपास आणि युक्तिवादाची फी वेगळी. आधी गप्प बसले, मग म्हणाले, मॅडम, हे आधीच सांगायचं ना. पुढची तारीख 14 ला आहे.