प्रोव्होतले नऊ आठवडे: मॉर्मन मिशनऱ्यांचं मँडरिन प्रशिक्षण कसं आहे?

अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो शहरात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या शेजारीच मॉर्मन चर्चचं (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी प्रशिक्षण केंद्र आहे. तैवानला निघालेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा इथे मँडरिनसाठी, म्हणजे प्रमाण चिनी भाषेसाठी, साधारण 9 आठवडे घालवतो. आता त्यातला सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाइन होतो. मग तो विमानात बसतो आणि उरलेला सगळा काळ अनोळखी माणसांशी चिनीत बोलत राहतो. हे परीक्षण त्या 9 आठवड्यांचं आणि त्यानंतर तैवानच्या रस्त्यावर चालू राहणाऱ्या शिक्षणाचं आहे. धर्मोपदेश योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही.

आधी व्यवहार. पैसे भरले म्हणून इथे कोणालाही प्रवेश मिळत नाही. अर्ज केल्यावर चर्चकडून 'कॉल', म्हणजे नेमणुकीचं पत्र, येतो. देश कोणता आणि भाषा कोणती हे चर्च ठरवतं, अर्जदाराला निवड नसते. मुलगे 18 वर्षांचे झाले की 24 महिन्यांसाठी जातात (2012 पर्यंत ही अट 19 वर्षांची होती), मुली 18 महिन्यांसाठी. शिकवणीची वेगळी फी नाही, पण अमेरिकेतून जाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना दरमहा 500 डॉलर भरावे लागतात. जुलै 2020 पूर्वी हा आकडा 400 होता. कोणत्याही देशात पाठवलं तरी रक्कम तीच, म्हणजे 24 महिन्यांचे 12,000 डॉलर. एवढ्या काळाचं राहणं-खाणं धरून भाषा शिकण्याचा हा खर्च वाजवी आहे, फक्त त्या बदल्यात तरुणपणातली दोन वर्षं द्यायची तयारी हवी. चीनच्या मुख्य भूमीत हे चर्च मिशनरी पाठवत नाही, त्यामुळे मँडरिन शिकणाऱ्यांचं मोठं ठिकाण म्हणजे तैवान. तिथे पहिले चार मिशनरी जून 1956 मध्ये पोचले.

आता 9 आठवडे म्हणजे किती? स्पॅनिशला इथे 6 आठवडे देतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था मँडरिनला सर्वांत अवघड गटात ठेवते आणि त्यासाठी 88 आठवडे, म्हणजे 2,200 तासांचे वर्ग धरते. त्या हिशेबाने प्रोव्होत चिनी 'येते' असं म्हणणं चुकीचं आहे. तिथे भीड चेपते, आणि ते काम हे केंद्र फार उत्तम करतं.

गट लहान असतो. शिक्षक बहुतेक वेळा त्याच देशात मिशन करून परतलेले विद्यार्थी असतात. पहिल्या दिवसापासून वर्गात शक्य तितकं चिनीच बोलतात. सर्वांत आधी शिकवतात ती प्रार्थना: 'छिन आय त थिएनफू', म्हणजे 'प्रिय स्वर्गीय पित्या', इथपासून सुरुवात. दिवसातून अनेक वेळा प्रार्थना होते, त्यामुळे ही वाक्यं पाठ करावी लागत नाहीत, ती तोंडात बसतात. त्यानंतर लगेच शिक्षकच एखाद्या तैवानी कुटुंबातल्या माणसाची भूमिका घेतो आणि दोन मिशनऱ्यांनी त्याच्या 'घरी' जाऊन बोलायचं असतं. मोडकंतोडकं बोललात तरी हरकत नाही, बोलणं मात्र टळत नाही. शब्दसंग्रह मुद्दाम आखूड ठेवलेला असतो: कुटुंब, श्रद्धा, प्रार्थना, पश्चात्ताप. वाक्यांचे तेच तीस-चाळीस सांगाडे पुन्हा पुन्हा फिरवले की वाक्यरचना अंगवळणी पडते. वर्षानुवर्षं व्याकरणाची पुस्तकं घोटूनही तोंड न उघडणारा विद्यार्थी आणि हा मुलगा समोरासमोर ठेवले, तर दुसऱ्या महिन्याअखेर हा पुढे असतो.

खरा दोषही याच पद्धतीत आहे. भूमिका करणाऱ्या शिक्षकाला समोरचा काय बोलणार हे आधीच ठाऊक असतं. शिवाय अमेरिकन जिभेची चिनी ऐकून त्याचा कान समजूतदार झालेला असतो. सूर (अक्षर म्हणतानाचा आवाजाचा चढउतार, ज्याच्यावर अर्थ ठरतो) चुकला तरी तो मान डोलावतो. तैपेईतली भाजीवाली मान डोलावत नाही, ती 'हं?' म्हणते.

मँडरिनमध्ये चार सूर (पहिला सपाट, दुसरा चढता, तिसरा खालचा, चौथा पडता) आणि पाचवा हलका. एकेकटे शिकायला ते सोपे वाटतात, गाडी अडते ती जोड्यांपाशी. पहिल्या अक्षराचे चार आणि दुसऱ्याचे पाच धरले तर 20 जोड्या होतात. तिसरा अधिक तिसरा ही जोडी दुसरा अधिक तिसरा अशीच ऐकू येते, म्हणून प्रत्यक्षात 19. मिशनऱ्याच्या रोजच्या शब्दांतच याचं उदाहरण आहे: पश्चात्ताप म्हणजे 'ह्वेइकाय', दोन्ही अक्षरं तिसऱ्या सुराची, म्हणून पहिलं चढवून म्हणायचं. नकाराचा 'पू' एरवी चौथ्या सुरात, पण पुढे चौथा सूर आला की दुसऱ्यात जातो. या 19 जोड्यांना प्रत्येकी दोन ओळखीचे शब्द लावून 38 शब्दांची यादी करा. ती रोज 10 मिनिटं मोठ्याने म्हणा, फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि स्थानिक माणसाच्या आवाजाशेजारी लावून ऐका. पहिल्या तीन महिन्यांत हे केलं नाही तर चुकीचं वळण पक्कं होतं, आणि पुढे बोलण्याचा वेग वाढला की ते सुधारणं कठीण जातं.

सर्वांत जास्त बिघडतो तो तिसरा सूर. पुस्तकात तो खाली जाऊन वर येताना दाखवतात आणि विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी तो झोका घेतात. रोजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली राहतो. तैवानात तर वाक्याच्या शेवटीही अनेकदा वर येत नाही. 'खाली दाबून धरलेला सूर' एवढंच लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका जातात. 'छिंगवन' म्हणजे 'जरा विचारू का?' हा मिशनऱ्याचा दिवसातून शंभरदा लागणारा शब्द. त्यातला 'वन' चौथ्या सुराऐवजी तिसऱ्यात गेला तर अर्थ 'चुंबन घ्या' असा होतो. 'माय' तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्यात विकणं. 'थांग' पहिल्यात सूप, दुसऱ्यात साखर.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी भाषकाचं काम इंग्रजी भाषकापेक्षा सोपं आहे, आणि मँडरिन शिकणाऱ्या कोणाही मराठी माणसाने याचा फायदा घ्यावा. पिनयिन या रोमन लेखनात 'बी' लिहिलेलं असतं, पण उच्चार 'प'चा होतो, आणि 'पी' लिहिलेलं असतं तिथे 'फ' (ओठ मिटून, 'फळ'मधला). 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ', 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. इंग्रजी बोलणाऱ्याला हा अल्पप्राण-महाप्राण भेद कष्टाने शिकावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळतो. आपले दोन 'च'सुद्धा कामाला येतात: पिनयिनमधला 'जे' हा 'चार'मधला च, आणि 'झेड' हा 'चाक'मधला च. 'झेड एच' तेवढा नव्याने शिकावा लागतो, त्यात जीभ 'ट' म्हणताना वळते तशी मागे वळवायची. आणखी एक सापळा म्हणजे 'जे', 'क्यू', 'एक्स' यांच्यानंतरचा 'यू'. तो आपला 'उ' नाही. ओठ 'उ'चे आणि जीभ 'इ'ची ठेवून तो काढायचा.

लिपीबाबत हे प्रशिक्षण कमी पडतं. भर पिनयिनवर असतो, अक्षरं पुष्कळशी शिकणाऱ्यावर सोडलेली. तैवानात उतरल्यावर अडचण दुहेरी होते. तिथे पारंपरिक अक्षरं चालतात, मुख्य भूमीतली सोपी केलेली नव्हेत. शाळेतली मुलं आधी पिनयिन नव्हे तर उच्चार दाखवणाऱ्या 37 चिन्हांची चुयिन पद्धत शिकतात. शहरांची रोमन स्पेलिंगंही जुन्याच पद्धतीची, त्यामुळे पिनयिनच्या नियमांनी वाचायला गेलात तर तायचुंग आणि काओश्युंग यांचा उच्चार चुकतो. चुयिन शिकणं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त गुंतवणूक आहे. रोज 5 चिन्हं घेतली तर 8 दिवसांत संपतं. रोमन अक्षर डोळ्यासमोर नसल्याने इंग्रजी उच्चार मध्ये घुसत नाहीत, आणि लहान मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक अक्षराशेजारी चुयिन छापलेलं असल्याने वाचनाचं दार लगेच उघडतं. हे प्रोव्होतच सक्तीचं असायला हवं.

तैवानातला पहिला महिना कानासाठी कठीण जातो. जीभ वळवून काढायचा 'श' आणि साधा 'स' यांतला फरक तिथल्या बोलण्यात बहुतेक पुसला जातो. दहा आणि चार हे आकडे मग फक्त सुरावरून ओळखायचे: दहाचा चढता, चाराचा पडता. बाजारात 14, 40 आणि 44 यांचा घोळ होतो तो यामुळेच. यावर उपाय म्हणजे भाव ऐकला की तो परत म्हणून दाखवणं. दक्षिणेकडे वयस्क माणसं बोलता बोलता तैवानी होक्कियनमध्ये शिरतात, शिनचू आणि म्याओली भागात हक्का कानावर पडते. या भाषांसाठी 9 आठवड्यांत जागा नसते हे समजण्यासारखं आहे, पण नमस्कार, आभार आणि 'जेवलात का?' एवढं होक्कियनमध्ये येत असेल तर आजी-आजोबांचे चेहरे खुलतात.

दुसरी उणीव घरगुती शब्दांची. पश्चात्तापाला शब्द येतो, पण गॅस संपला, सायकलची चेन निसटली, अंगावर पुरळ आलं, हे सांगता येत नाही. चर्चच्या नियमानुसार चहा-कॉफी वर्ज्य, आणि तैवानात पाहुण्यापुढे पहिल्यांदा येतो तो चहाच. तेव्हा 'वो पू ह छा' (मी चहा पीत नाही) एवढं कोरडं वाक्य म्हणून थांबू नये. आधी आभार, मग कारण एका वाक्यात, मग 'पाणी चालेल', या क्रमाने बोललं तर यजमान दुखावत नाही. नावातल्या 'छा'वरून सगळंच नाकारायचंही कारण नाही: 'तुंगक्वा छा' हे कोहळा आणि साखर उकळून केलेलं पेय आहे, त्यात चहाची पत्ती नसते.

दिनक्रम कडक असतो. सकाळी 6:30 ला उठणं, रात्री 10:30 ला दिवे बंद, आठवड्यातून एक तयारीचा दिवस (स्वतःच्या कामांसाठी मोकळा), आणि जोडीदार, म्हणजे सोबत नेमलेला दुसरा मिशनरी, कायम सोबत. फेब्रुवारी 2019 पासून घरच्यांशी दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओवर बोलता येतं, त्याआधी वर्षातून दोनदाच बोलता यायचं. वय लक्षात घेता हा बदल फार आवश्यक होता. भाषेच्या दृष्टीने सगळ्यात जास्त फरक पडतो तो जोडीदाराने. पहिले 12 आठवडे अनुभवी मिशनरी नव्याला शिकवतो. तो तैवानी असेल तर कान झपाट्याने तयार होतो. अमेरिकन असेल तर घराचं दार लोटलं की इंग्रजी सुरू होते. अशा वेळी एकच नियम पाळावा: जेवण रांधताना आणि भांडी घासताना चिनीच. त्या अर्ध्या तासात घरगुती शब्द आपोआप लागतात.

चर्चमध्ये चालणारे मोफत इंग्रजी वर्ग हे लोकांना भेटायचं चांगलं साधन आहे, मात्र त्यात शिकवणाऱ्याची चिनी वाढत नाही. वर्ग संपल्यावर तितकाच वेळ चिनीत बोलायचं, असा सौदा आधीच करून ठेवावा. संध्याकाळी कचऱ्याची गाडी धून वाजवत येते आणि गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन खाली उभी राहतात, ती पाच-दहा मिनिटं गप्पांसाठी उत्तम. तिथे एक गोष्ट जरूर ऐका: कचऱ्याला तैवानात 'ल-स' म्हणतात, मुख्य भूमीवर 'लाची'. फोनमधला धडा एक शिकवतो आणि गल्ली दुसरं, असं होणारे शब्द थोडे नाहीत. वाद झाला की गल्लीचं खरं धरा.

साधनांपैकी प्लेको हा शब्दकोश फोनवर हवाच. मूळ कोश फुकट आहे, बोटाने अक्षर काढून शोधता येतं, आणि सेटिंगमध्ये पिनयिनऐवजी चुयिन निवडता येतं. कॅमेऱ्याने अक्षर वाचायची सोय विकत घ्यावी लागते, आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचणाऱ्याला ती घेण्याजोगी आहे. चर्चचं स्वतःचं एम्बार्क ॲप शब्द आणि वाक्यं घोटायला चांगलं, पण त्याचा झुकाव मिशनच्या विषयांकडे आहे. खिशात छोटी वही मात्र हवीच. नुसता शब्द लिहू नये. ऐकलेलं आख्खं वाक्य लिहावं, सुरांचे आकडे घालून, आणि रात्री झोपण्यापूर्वी जोडीदाराला म्हणून दाखवावं. दिवसाला पाच वाक्यं पुरतात.

या वाटेने गेलेले काही जण फार पुढे गेले आहेत. तैवानात मिशनरी म्हणून राहिलेले जॉन हंट्समन ज्युनियर 2009 ते 2011 या काळात चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. बहुतेकांचं चित्र वेगळं असतं: परतताना तोंड सफाईने चालतं, वर्तमानपत्र मात्र अडतं. अर्थकारण, कायदा, विज्ञान यांचे शब्द मिशनमध्ये कानावर पडत नाहीत. ज्यांना भाषा पुढे कामाला लावायची आहे त्यांनी शेवटच्या सहा महिन्यांत तयारीच्या दिवशी तासभर काढून पारंपरिक अक्षरांतली टॉकफल ही तैवानची चिनी भाषेची परीक्षा डोळ्यांपुढे ठेवावी. आधी श्रवणाचे नमुने सोडवून पाहावेत, मग वाचनाचे. सोपी केलेली अक्षरं घरी परतल्यावर शिकली तरी चालतात, पारंपरिक येत असली की ती ओळखायला फार वेळ लागत नाही.