श्रिंप तीन आठवड्यांनी मरतात, तोवर विकणाऱ्याची हमी संपलेली असते

घरच्या टाकीत शोभेसाठी पाळायला आणलेले श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी, सहसा पहिल्या दिवशी मरत नाहीत. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, नवशिक्याला नसतं, आणि श्रिंपच्या व्यवहारातली बहुतेक फसवणूक याच एका गोष्टीवर चालते. 'जिवंत पोहोचण्याची हमी' असते ती पिशवी हातात पडल्यावर काही तासांत फोटो पाठवण्यापुरती. मरतूक सुरू होते आठ-दहा दिवसांनी, तीही रोज एक-दोन अशी. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "तुमच्या पाण्यात काहीतरी गडबड असेल." घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण कोणतं पाणी लागतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग तो सगळं खापर स्वतःच्या माथी फोडून घेतो आणि पुन्हा त्याच माणसाकडून दहा श्रिंप आणतो.

नवशिक्याच्या गळ्यात मारला जाणारा संच साधारण असा असतो: ५ लिटरची छोटी काचेची टाकी, पिशवीभर काळी अ‍ॅक्टिव्ह सॉइल (टाकीच्या तळाची, पाण्याचे गुण बदलणारी माती), जिवाणूंची एक बाटली, मॉसचा गोळा आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे दहा क्रिस्टल रेड श्रिंप. सोबत सूचना, "आज पाणी भरा, बाटली ओता, उद्या श्रिंप सोडा." यातली एकेक वस्तू खरीच असते, खोटी असते ती सूचना.

अ‍ॅक्टिव्ह सॉइलचे बरेच प्रकार पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, मातीवर, काचेवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय अशी माती पीएच (आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) खाली ओढते आणि कमी पीएचमध्ये हे जिवाणू आणखी मंदावतात. बाटलीतले जिवाणू जिवंत असतील तर हा काळ थोडा कमी होतो, पण एका रात्रीत टाकी तयार होत नाही. बाटली उन्हातून प्रवास करून आली असेल किंवा मुदत उलटून गेली असेल, तर तिच्यात उरतं ते घाण वासाचं पाणी. टाकी सायकल झाली, म्हणजे हे जिवाणू पुरेसे बसले, की नाही हे विकणाऱ्याच्या शब्दावर ठरवू नये. अमोनिया घालून त्याचं प्रमाण २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) न्यावं आणि २४ तासांनी तपासावं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच टाकी तयार. तपासणी थेंबांच्या किटने करावी. संचात फुकट मिळणाऱ्या कागदी पट्ट्या ढोबळ अंदाज देतात, आणि अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो!

टाकी सायकल झाली तरी दुसरी अडचण उरतेच. श्रिंप दिवसभर चरतात ते काचेवर, पानांवर, स्पंजवर जमणाऱ्या बायोफिल्मवर, म्हणजे जिवाणू आणि शेवाळाच्या पातळ थरावर. नव्या, लखलखीत टाकीत ती जवळजवळ नसते. वरून टाकलेल्या दाण्यांनी मोठे श्रिंप तगतात, पण पिल्लं उपाशी मरतात, कारण दाण्यापर्यंत पोहोचण्याइतकी ती हिंडतच नाहीत. काचेवर थोडं शेवाळ दिसेपर्यंत थांबणं हा वेळेचा अपव्यय नव्हे.

आता मुख्य फसवणूक, म्हणजे जात. क्रिस्टल रेड हे कॅरिडिना वंशातले. त्यांना पीएच ५.८ ते ६.८, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ४ ते ६, केएच (पीएच खाली जाऊ न देणारे कार्बोनेट क्षार) शून्य ते एक, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) १०० ते १५० आणि २० ते २३ अंश तापमान लागतं. म्हणजे आरओचं पाणी घ्यायचं, त्यात श्रिंपसाठीचे क्षार मोजून मिसळायचे आणि टीडीएस मीटर कायम हाताशी ठेवायचा. नळाच्या पाण्यात केएच असतो, तो सॉइलची पीएच धरून ठेवण्याची ताकद खातो. वर्ष-दीड वर्ष टिकणारी माती काही महिन्यांत निकामी होते. संच विकताना यातलं अवाक्षर निघत नाही. नवशिक्यासाठी योग्य ते निओकॅरिडिना, म्हणजे रेड चेरी आणि त्याच जातीचे पिवळे, निळे, नारिंगी प्रकार. त्यांना पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते १२, केएच २ ते ८, टीडीएस १५० ते ३०० आणि १८ ते २६ अंश चालतं. क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यात ते बहुतेक ठिकाणी जगतात. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवून भागत नाही, डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन निकामी करणारं द्रव, घालावाच लागतो.

चुकीच्या पाण्यात पडलेला श्रिंप लगेच का मरत नाही, याचं उत्तर कात टाकण्यात आहे. पूर्ण वाढलेला श्रिंप साधारण तीन-चार आठवड्यांनी कात टाकतो, पिल्लू त्याहून बरंच लवकर. कवच नीट सुटायला आणि नवं टणक व्हायला पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं, आणि पाण्याचे गुण एकसारखे राहावे लागतात. टीडीएस एकदम बदलला किंवा जीएच फार कमी असला, तर त्याचं फळ पुढच्या कातीच्या वेळी दिसतं. नीट पाहिलं तर खूण स्पष्ट असते. डोक्याचं कवच संपून पोट सुरू होतं त्या सांध्यावर कात वरून फाटायला हवी. श्रिंप एक झटका देऊन त्यातून बाहेर निसटतो, सगळं काही सेकंदांत आटोपतं. अडकलेल्या श्रिंपच्या त्या जागी अंगाभोवती पूर्ण पांढरा पट्टा दिसतो. कवच गोल फाटलेलं असतं, पण दोन्ही अर्धे अंगाला चिकटलेले. अशा श्रिंपला सहसा वाचवता येत नाही. हा पट्टा दिसला की जीएच तपासावा आणि गेल्या महिन्यात पाणी कसं बदललं ते आठवावं. औषध ओतून काही होत नाही.

तक्रार केली की आणखी एक थाप ठरलेली: "तो मेलेला नाही, ती कात आहे." फरक कळायला सोपा आहे. कात पोकळ, काचेसारखी आरपार आणि पाण्याच्या हलक्या प्रवाहातही तरंगत जाणारी. मेलेला श्रिंप दुधी किंवा गुलाबी-नारिंगी आणि अपारदर्शक होतो. खरी कात टाकीतून काढू नये, श्रिंप ती खातात. मेलेला मात्र लगेच काढावा.

मोठा, गडद रंगाचा, 'प्रीमियम ग्रेड' श्रिंप महाग विकला जातो. निओकॅरिडिनाचं आयुष्यच जेमतेम एक-दोन वर्षांचं. तीन सेंटिमीटरची थोराड मादी म्हणजे बहुधा पैदाशीतून निवृत्त केलेली, आयुष्य सरत आलेली मादी. ती महिन्याभरात गेली तर पाण्याचाच दोष असतो असं नाही. एक-सव्वा सेंटिमीटरची अर्धवाढ पिल्लं घ्यावीत. ती नव्या पाण्याला सरावतात आणि त्यांचं सगळं आयुष्य आपल्या टाकीत जातं. 'अंडी धरलेली मादी' म्हणून जास्त पैसे घेणं हाही तसलाच प्रकार. प्रवासाच्या ताणाने मादी अनेकदा अंडी टाकून देते किंवा कात टाकताना ती कातीबरोबरच जातात.

रंगाच्या बाबतीत फोटोवर अजिबात विसंबू नये. काळ्या तळावर, लालसर दिव्याखाली, पोट भरलेला श्रिंप रक्तासारखा लाल दिसतो. तोच पांढऱ्या वाळूवर फिका पडतो. पांढऱ्या उजेडात, हातात धरलेल्या पिशवीतला व्हिडिओ मागावा. 'दहा रंगांचं मिश्रण' ही तर उघड फसवणूक. ते सगळे रंग एकाच जातीचे, निओकॅरिडिना डेविडीचे. एकत्र ठेवले की आपसांत पैदास होते आणि काही पिढ्यांत पिल्लं रानटी तपकिरी, पारदर्शक रंगावर येतात. तब्येतीला धोका नाही, पण पैसे रंगाचे दिलेले असतात.

'घोस्ट श्रिंप' या नावाखाली मॅक्रोब्रॅकियम या मोठ्या, शिकारी कोळंबीची पिल्लं खपवली जातात, ती खरी धोक्याची. लहानपणी तीही पारदर्शक आणि निरुपद्रवी दिसतात. महिना-दोन महिन्यांत त्यांच्या पायांची दुसरी जोडी लांब होते, टोकाला खरे चिमटे येतात आणि रात्री टाकीतले चेरी, लहान मासे कमी होऊ लागतात. निओकॅरिडिनाच्या पुढच्या चारही पायांच्या टोकांना बारीक ब्रशसारखे केस असतात, चिमटा आखूड असतो. भिंग घेऊन पाहिलं की गोंधळ राहत नाही. पुढच्या पायांची एखादी जोडी अंगाच्या मानाने लांब दिसली, तर ती पिशवी परत करावी.

अमानो श्रिंप शेवाळ खायला उत्तम, पण ते 'घरात वाढतील' असं सांगून विकणारा खोटं बोलतो. त्यांच्या अळ्यांना खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत मरतात. 'कसलीच काळजी नको' म्हणून बंद काचेच्या गोळ्यात विकला जाणारा लाल श्रिंप तर गोड्या पाण्याचा नव्हेच. तो हवाईचा हॅलोकॅरिडिना रुब्रा, निमखाऱ्या पाण्यातला. योग्य टाकीत तो दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, बंद गोळ्यात तो वर्षानुवर्षं हळूहळू उपाशी मरत असतो. हे विकणं क्रूरपणाचं आहे.

मरतूक सुरू झाली की विक्रीचा दुसरा फेरा येतो. "जंतुसंसर्ग आहे, हे औषध घाला." माशांच्या बऱ्याच औषधांत कॉपर सल्फेट असतं, आणि तांबं श्रिंपना थोड्या प्रमाणातही घातक. उरलेसुरले श्रिंप त्या बाटलीने जातात. लेबलवर घटक छापलेले नसतील तर ते औषध टाकीत जाऊ देऊ नये. झाडांच्या खतातल्या तांब्याची भीती मात्र अनेकदा विनाकारण घातली जाते. सांगितलेल्या मात्रेत ते इतकं थोडं असतं की त्रास होत नाही. खरा धोका झाडांवरच्या कीटकनाशकाचा. नवं झाड घातल्यावर काही तासांत सगळे श्रिंप वेडेवाकडे पोहू लागले, गोल फिरून पडू लागले, तर कारण बहुधा तेच. कुंडीतल्या झाडाचा रॉकवूल (मुळांभोवतीचा लोकरीसारखा गठ्ठा) पूर्ण काढून झाड आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवावं आणि रोज पाणी बदलावं. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत जेलीत वाढवलेलं, झाड घेतलं तर हा प्रश्न येत नाही, त्याची जेली तेवढी धुऊन काढायची.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विचारावं: जात नेमकी कोणती, त्याच्या टाकीचा पीएच, जीएच, केएच, टीडीएस किती, हे श्रिंप त्याच्याकडे किती दिवस आहेत, पैदास त्याची की बाहेरून आणलेली. कालच आलेला माल आज विकणारा तुम्हाला दुहेरी प्रवासाचा ताण विकतो. हमी नेमकी किती तासांची, हे लेखी घ्यावं. आकडे सांगायला कुरकुर करणाऱ्याकडे टीडीएस मीटर नाही किंवा सांगण्यासारखा आकडा नाही, दोन्ही वाईटच.

पिशवी आली की ती न उघडता सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढावा, लेबल आणि तारखेसकट. मग पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस मोजावा. विकणाऱ्याने १५० सांगितला आणि पिशवीत ३५० निघाला, तर तक्रारीला पुरावा तयार झाला. श्रिंप भांड्यात काढून बारीक नळीने टाकीचं पाणी सेकंदाला एक-दोन थेंब या गतीने सोडावं, तिप्पट होईपर्यंत, साधारण दीड-दोन तास. पिशवी दोन-तीन दिवस प्रवासात असेल तर इतका वेळ घालवू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया सौम्य अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा भांड्यात अमोनिया बांधणारा डीक्लोरिनेटर आधी घालावा आणि अर्ध्या-पाऊण तासात श्रिंप जाळीने उचलून टाकीत सोडावेत. पिशवीचं पाणी टाकीत ओतू नये.

पुन्हा सुरुवात करायची तर २० ते ४० लिटरची टाकी, साधी वाळू किंवा बारीक खडी, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर, मॉस आणि बदामाचं एखादं वाळलेलं पान, एवढं पुरतं. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं, नवं पाणी त्याच तापमानाचं आणि जवळपास त्याच टीडीएसचं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरायला आरओचंच घ्यावं, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. दाणे आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपतील इतकेच.

सगळे श्रिंप गेले म्हणून टाकी रिकामी करून घासू नये. विष किंवा औषध पडलेलं नसेल, तर तिच्यातले जिवाणू आणि बायोफिल्म हीच जमा बाजू आहे. फिल्टर चालू ठेवावा, दोन-चार लहान गोगलगायी सोडाव्यात, त्यांना थोडं खाणं घालत राहावं म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहतो. महिन्याभराने अमोनिया, नायट्राइट, जीएच, केएच पुन्हा तपासून वहीत लिहावेत, आणि श्रिंप विचारायला जाताना ती वही सोबत न्यावी.